वाढत्या वयाचे तारे

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला, ‘वाढतं वय’. साठीनंतरची मैत्री, निवृत्तांचं अर्थकारण आणि वृद्धाश्रमांची पाहणी हे तिन्ही लेख आधीच वाटून झालेत, हेही त्याच दमात सांगितलं. मग मी वय दुसऱ्या टोकाकडून धरायचं ठरवलं आणि वाढत्या वयाचे तारे मागून घेतले. ‘लिहा, पण पुस्तकं समोर ठेवून नको. जाऊन बघा,’ अशी अट पडली.

ताऱ्यांकडे जाणार कसं? पण त्यांच्याकडे बघत बसणाऱ्यांकडे जाता येतं आणि तशी माणसं आपल्याकडे बरीच आहेत.

सूर्याचं वय ४६० कोटी वर्षं. त्याच्यापुढे दहा लाख, तीस लाख, अगदी दहा कोटी वर्षांचा तारासुद्धा पोरच. या पोरांचं मुख्य लक्षण म्हणजे ती स्वस्थ बसत नाहीत. आज एक तेज, परवा दुसरं. कुणी काही तासांत बदलतं, कुणी आठवड्यानं, आणि एक महाशय नव्वद वर्षांपूर्वी भडकले ते अजून पुरते शांत झालेले नाहीत. आपल्याला तारे लुकलुकताना दिसतात ती करामत आपल्या हवेची. ताऱ्याचा तिच्यात काही हात नसतो. इथं मात्र ताऱ्याचा उजेडच कमी-जास्त होतो किंवा वाटेत काहीतरी आडवं येतं. मराठी खगोलपुस्तकांत अशांना रूपविकारी तारे म्हणतात. म्हातारपणी रूपविकारी झालेले काही तारे ठरावीक लयीत फुगतात नि आकसतात. तरुणांच्या बाबतीत वेळापत्रकाची खात्री कुणी देत नाही.

हायमास्ट, ऊस आणि ययाती

मंचरहून घोडेगावकडे वळलं की डोंगर जवळ येऊ लागतात. जानेवारीतली, अमावास्येच्या आगेमागेची रात्र. पुण्यातले काही हौशी निरीक्षक इथल्या एका ओळखीच्या शेतावर दुर्बीण लावतात. दुर्बीण ज्यांची, ते बँकेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही. सोबत एमएस्सीची एक विद्यार्थिनी आणि गाडी चालवायला म्हणून आलेला, पण खरं तर या नादाला लागलेला तिचा भाऊ.

आल्या आल्या सूचना मिळाली : शेताच्या कडेला एकटं जायचं नाही. हा पट्टा उसाचा आणि उसात बिबट्या. शेतकऱ्यांना ही चैन नसते. शेतीची थ्री फेज वीज रात्रीची आली की मोटार चालू करायला त्यांना जावंच लागतं. दुसरा शत्रू गावाच्या चौकातला हायमास्ट. तो लागला की दक्षिणेकडचं क्षितिज पांढरं होतं. ‘पूर्वी लोडशेडिंग असायचं,’ काका म्हणाले, ‘आम्ही त्याचं वेळापत्रक बघून इकडे यायचो.’ लोडशेडिंगची आठवण हळहळून काढणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

उजेड असतानाच कामाला सुरुवात होते. आठ इंची दुर्बिणीच्या तोंडावर काकांनी पांढरा सुती टी-शर्ट ताणून बसवला आणि मावळतीनंतरच्या आकाशाचे दहा-बारा फोटो काढले. त्यांत काहीच दिसत नाही; नुसता राखाडी चौकोन. पण कॅमेऱ्याच्या काचेवर कुठं धूळ आहे, कडेला उजेड किती कमी पडतो, हे त्या चौकोनावरून कळतं आणि नंतर प्रत्येक फोटोत त्याची दुरुस्ती करता येते. मग झाकण लावून आणखी काही फोटो, तेही पूर्ण काळे. कॅमेऱ्याची स्वतःची गुरगुर किती, ते त्यांतून समजतं. निम्मं काम तारे दिसण्याआधीच उरकलेलं असतं.

अंधार पडल्यावर दुर्बीण ययातीकडे वळली. या तारकासमूहात ‘आयसी ३४८’ नावाचा लहानसा तारकागुच्छ आहे. अंतर सुमारे हजार प्रकाशवर्षं, वय तीस-चाळीस लाखांच्या घरातलं. नुसत्या डोळ्यांना तिथं ओमिक्रॉन पर्सेई हा एकच तारा दिसतो आणि फोटो काढणाऱ्याला तोच नडतो. तो इतका प्रखर, की त्याच्या झगमगाटात शेजारची बारकी मंडळी बुडून जातात. काकांनी तो चौकटीच्या बाहेर जाईल अशी दुर्बीण सरकवली. मग एकेक मिनिटाचे फोटो, आधी पिवळसर फिल्टरमधून, नंतर लाल, नंतर लालाच्याही पलीकडचा. दर अर्ध्या तासानं टॉर्च लाल कागदात गुंडाळून दव पडलंय का ते बघायचं. दुर्बिणीच्या पुढच्या काचेभोवती गरम पट्टी असते, तरी जानेवारीत पाटाच्या पाण्यालगत दव कुणाला सोडत नाही.

लॅपटॉपवर दीडेकशे ठिपके आले. त्यांतले काही गुच्छातले, बाकीचे मागचे-पुढचे उपरे. विद्यार्थिनीनं एकेका ठिपक्यावर माऊस नेत आकडे वाचायला सुरुवात केली.

‘काका, आठ नंबर खाली गेलाय.’

‘पातळ ढग असेल.’

‘मग सगळेच गेले असते ना? बाकीचे जागेवर आहेत.’

‘मागच्या आठवड्याचं काढ बरं.’

सगळी पद्धत या चार वाक्यांत आली. ताऱ्याचं तेज नुसतं मोजून उपयोग नाही. हवा बदलते, धूर येतो, तारा मावळतीकडे झुकला की मंद दिसतो. म्हणून त्याच फोटोतले, न बदलणारे शेजारी घ्यायचे आणि त्यांच्या तुलनेत आपला तारा कुठं आहे ते बघायचं. धूर आला तर सगळ्यांसमोर येईल. एकटाच खाली गेला तर भानगड त्याची. आठ नंबर आठवड्यापूर्वीच्या मानानं जवळजवळ निम्म्यावर आला होता. रात्रभराच्या मेहनतीतून त्याच्या आलेखावर एका ठिपक्याची भर पडली. एका रात्रीला एक ठिपका, हा इथला दर आहे.

एका वयाची वस्ती

हे सगळं तारकागुच्छांतच का करायचं? आकाशात तरुण तारे सुटेही असतात. पण सुट्या ताऱ्याचं वय काढणं महाकर्मकठीण. त्याचं तेज, रंग, वर्णपट सगळं मोजलं तरी वयाचा अंदाज दुप्पट-तिप्पट चुकू शकतो. गुच्छातले तारे मात्र एकाच वायुमेघातून थोड्याफार फरकानं एकाच वेळी जन्मलेले, आणि आपल्यापासून जवळपास एकाच अंतरावरचे. त्यामुळे त्यांच्यातला फरक वयाचा किंवा अंतराचा आहे असं म्हणायला जागा राहत नाही. जो फरक दिसतो तो वस्तुमानाचा, फिरण्याच्या वेगाचा किंवा भोवतालच्या धुळीचा.

मग वेगवेगळ्या वयांचे गुच्छ ओळीनं लावायचे. मृगातल्या तेजोमेघातला गुच्छ, सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा, दहा-वीस लाख वर्षांचा. त्यानंतर ययातीतला आपला आयसी ३४८ आणि शृंगाश्वातला ‘एनजीसी २२६४’. बऱ्याच पुढे कृत्तिका : अंतर ४४० प्रकाशवर्षं, वय दहा-बारा कोटी. आणखी पुढे रोहिणीच्या आसपास पसरलेला हायडीज, साठ-सत्तर कोटींचा. एकाच ताऱ्याचं आयुष्य बघायला कुणी थांबू शकत नाही. ही ओळ बघता येते.

ओळीत पहिल्यांदा डोळ्यांत भरतं ते हे, की सुरुवातीचे दंगेखोर पुढे निवतात. जन्मताना प्रत्येक ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी असते, तिच्यातूनच पुढे ग्रह होतात. अशा तबकड्या किती ताऱ्यांजवळ शिल्लक आहेत हे गुच्छागणिक मोजलं, तर तीस लाखांच्या आसपास निम्म्या उरतात आणि एक कोटीपर्यंत जवळपास सगळ्या संपतात. दंग्याचा मोठा भाग या तबकडीमुळे असतो. ती गेली, की उरतो फक्त ताऱ्याचा स्वतःचा स्वभाव.

तो स्वभाव बघायचा तर कृत्तिका. दिवाळीच्या दिवसांत अंधार पडल्यावर पूर्वेला जो सहा-सात ताऱ्यांचा झुबका वर येतो, तोच हा गुच्छ. प्रत्यक्षात त्यात हजाराहून जास्त तारे आहेत. केपलर या अवकाश दुर्बिणीची चारपैकी दोन तोलचक्रं बिघडली, तेव्हा सूर्यप्रकाशाच्या दाबाचाच आधार घेऊन तिला स्थिर ठेवायची युक्ती निघाली. त्या दुसऱ्या डावात तिनं २०१५ साली दोन महिन्यांहून जास्त काळ कृत्तिकांवर नजर रोखली. तपासलेल्या सदस्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ताऱ्यांचं तेज ठरावीक काळानं कमी-जास्त होताना आढळलं. कारण डाग. सूर्यावर असतात तसेच, पण कितीतरी मोठे. तारा फिरतो, डागाळलेली बाजू आपल्याकडे आली की तेज उतरतं, गेली की चढतं. म्हणजे तेजातली ही लय त्या ताऱ्याचा दिवस किती लांब आहे ते सांगते. सूर्याला एका फेरीला सुमारे २५ दिवस लागतात. कृत्तिकांतले सूर्यासारखे तारे तीन-पाच दिवसांत फिरतात आणि लहान तांबडे तारे तर दिवसाच्या आत.

वय वाढतं तसा वेग मंदावतो, हे १९७२ साली अमेरिकेतल्या अँड्र्यू स्कुमानिच यांनी कृत्तिका, हायडीज आणि सूर्य एवढ्यांवरून दाखवलं. इतक्या थोड्या ठिपक्यांवरून त्यांनी काढलेला नियम आजही, डागडुजी करून, वापरात आहे. संशोधनात असं धाडस हल्ली कुणी छापू देईल का, शंकाच आहे.

ओघ आणि पडदे

आता दंग्याकडे. लंडनमधल्या एका खासगी वेधशाळेत काम करणाऱ्या जॉन रसेल हिंद यांना १८५२ च्या ऑक्टोबरमध्ये वृषभ राशीत एक बदलता तारा दिसला आणि त्याच्या शेजारी एक छोटा तेजोमेघ. तारा म्हणजे टी टौरी. त्या तेजोमेघानं तर पुढच्या दशकात दिसेनासं होऊन सगळ्यांना बुचकळ्यात टाकलं. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९४५ मध्ये, माउंट विल्सनच्या आल्फ्रेड जॉय यांनी असे अकरा तारे एकत्र करून त्यांचा वर्ग बनवला. ते तरुण आहेत हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं. तो उलगडा पुढच्या काही वर्षांत झाला.

आज जे चित्र मान्य आहे ते असं. तबकडी ताऱ्याला थेट चिकटलेली नसते. ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र सूर्याच्या मानानं प्रचंड, ते तबकडीची आतली कड काही त्रिज्या अंतरावर थोपवून धरतं. तिथून वायू चुंबकीय रेषांच्या वाटेनं उचलला जातो आणि सेकंदाला दोनशे-तीनशे किलोमीटर वेगानं ताऱ्याच्या ध्रुवांच्या आसपास कोसळतो. जिथं आदळतो तिथं ताऱ्याचा पृष्ठभाग दुप्पट तापतो. म्हणजे थंड डागांबरोबर हे तापलेले ठसेही आले. पण थंड डाग आठवडेच्या आठवडे टिकतात आणि हे ठसे ओघ घटला-वाढला की तासांत बदलतात. ओघाचं प्रमाण ऐकायला किरकोळ वाटतं : वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचा दहा कोटींवा हिस्सा, थोडा इकडेतिकडे.

शिवाय धूळ आहे. वृषभातला एए टौरी हा तारा वर्षानुवर्षं दर ८.२ दिवसांनी मंदावायचा आणि पुन्हा वर यायचा. तबकडीची आतली कड सपाट नसून चुंबकीय क्षेत्रानं ती एका बाजूला उचललेली आहे, आणि तो उंचवटा दर फेरीत आपल्या आणि ताऱ्याच्या मधे येतो, असा अर्थ लावला गेला. सगळं छान जुळलं होतं. २०११ मध्ये तारा एकदम दोन प्रतींनी (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) मंदावला आणि तसाच राहिला. तबकडीतला आणखी कुठलातरी, बाहेरचा भाग आडवा आला असावा, असं मानतात.

डाग, ओघ की पडदा, हे ओळखायचं कसं? एक खूण आलेखाच्या आकारात असते, दुसरी रंगात. डागामुळे तेज कमी होतं ते बेतानं आणि लयीत. कोसळत्या वायूचा ठसा निळ्या उजेडात जास्त बोलतो. धूळ निळा उजेड आधी अडवते, म्हणून तारा मंदावताना लालसर होतो. काकांचे ते तीन फिल्टर यासाठीच. एकाच फिल्टरनं मोजलं तर तारा उतरला एवढंच कळेल, का ते कळणार नाही.

२०११ च्या डिसेंबरात या प्रश्नासाठी मोठा खटाटोप झाला. शृंगाश्वातल्या एनजीसी २२६४ गुच्छाकडे कोरो आणि स्पिट्झर या दोन अवकाश दुर्बिणींनी सुमारे महिनाभर एकाच वेळी पाहिलं, एकीनं दृश्य प्रकाशात, दुसरीनं अवरक्तात. दृश्य प्रकाश ताऱ्याची खबर देतो, अवरक्त तबकडीची. अपेक्षा अशी, की दोघांचे चढउतार हातात हात घालून चालतील. बऱ्याच ताऱ्यांत ते तसे चाललेच नाहीत. ताऱ्याचं एक चाललेलं, तबकडीचं दुसरंच. त्या अभ्यासातून या मंडळींची वर्गवारी झाली : अचानक खाली डुबणारे, अचानक उसळणारे, लय असूनही ती न पाळणारे, आणि कशाचाच पत्ता लागू न देणारे. मला शेवटचा वर्ग आवडला. शास्त्रज्ञांनी तो ठेवला आणि त्याला नाव दिलं, हे प्रामाणिकपणाचं काम आहे.

याच गुच्छात केएच १५डी आहे. अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठाच्या छोट्या वेधशाळेतून विल्यम हर्बस्ट आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तरुण गुच्छांचे फोटो वर्षानुवर्षं काढत होते. त्यांच्या विद्यार्थिनीबरोबरच्या कामातून १९९८ साली हा तारा पुढे आला. दर ४८ दिवसांनी तो पार मंदावायचा, आणि एकदा गेला की कित्येक दिवस परतायचा नाही. साधं ग्रहण काही तासांत आटोपतं, हे काय? मग जुन्या काचा धुंडाळल्या गेल्या. अनेक वेधशाळांच्या कपाटांत शंभर-शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोंच्या काचेच्या पाट्या जपलेल्या असतात. त्यांवर हाच तारा मिळाला, पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याला अशी ग्रहणं लागतच नव्हती. उत्तर असं निघालं : तिथं एक नसून दोन तारे आहेत, एकमेकांभोवती ४८ दिवसांत फिरणारे, आणि दोघांभोवती धुळीचं तिरकं कडं आहे. ते कडं सावकाश डोलत दशकानुदशकं पुढे सरकतंय. आधी एक तारा त्याच्याआड गेला, दुसरा फेरीत डोकं वर काढत राहिला. २०१० च्या सुमारास दोघेही झाकले गेले आणि नंतर दुसऱ्या बाजूनं पहिला लपलेला तारा बाहेर येऊ लागला. ज्यांनी त्या काचा काढल्या त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी तारीख-वेळ नीट लिहून ठेवली, एवढं पुरलं.

ठिपक्यांची रांग

काचेच्या पाट्यांवरून आठवलं. मेक्सिकोतल्या तोनानत्सिन्तला वेधशाळेत गिएर्मो आरो यांनी १९५० च्या दशकात तरुण गुच्छांतल्या ज्वाळा पकडायला सुरुवात केली. सौरज्वाला असते तशीच ही ज्वाळा, पण लहान तांबड्या ताऱ्याला काही मिनिटांत कित्येक पटींनी उजळून टाकणारी. तासाभरात खेळ खलास. ती नेमकी कधी होणार कुणालाच ठाऊक नाही, आणि फोटो तर एका काचेवर एकच. आरो यांनी त्याच काचेवर दहा-पंधरा मिनिटांचा एक फोटो घ्यायचा, दुर्बीण किंचित सरकवायची, पुन्हा घ्यायचा, असं पाच-सहा वेळा केलं. धुतलेल्या काचेवर प्रत्येक तारा सारख्या ठिपक्यांच्या रांगेसारखा दिसे. भिंग घेऊन रांगा तपासत जायचं. ज्या रांगेत एक ठिपका बाकीच्यांपेक्षा ठसठशीत, तिथं ज्वाळा. संगणक नव्हता, होती फक्त नजर.

या पद्धतीनं एकट्या कृत्तिकांत पाचशेहून अधिक ज्वाळातारे हाती लागले. आर्मेनियाच्या व्हिक्टर अंबार्त्सुमियान यांनी त्याही पुढचा प्रश्न विचारला : अजून न सापडलेले किती? त्यांचं गणित शाळेतल्या मुलालाही जमेल. एकदाच भडकताना दिसलेल्यांची संख्या घ्या, तिचा वर्ग करा, दोनदा दिसलेल्यांच्या दुपटीनं भागा. समजा, साठ तारे एकदाच दिसले आणि पंधरा दोनदा, तर एकदाही न दिसलेले सुमारे १२०. पहाऱ्याच्या नोंदींवरूनच न सापडलेल्यांची मोजदाद. कृत्तिकांतले जवळपास सगळे लहान तारे भडकणारे आहेत, हा निष्कर्ष त्यातून निघाला.

साठलेलं पाणी

आता ते नव्वद वर्षांपूर्वी भडकलेले महाशय. मृगाजवळचा एफयू ओरायनिस १९३६-३७ मध्ये काही महिन्यांत सहा प्रतींनी, म्हणजे सुमारे अडीचशेपट तेजस्वी झाला. स्फोट होणारे तारे नंतर विझतात. हा विझला नाही, अजून थोडाथोडाच उतरतोय. बऱ्याच वर्षांनी हंसातल्या एका ताऱ्यानंही हेच केलं, तेव्हा जॉर्ज हर्बिग यांनी या प्रकाराला वेगळा वर्ग म्हणून उभं केलं.

याचं स्पष्टीकरण चाळीत राहिलेल्या माणसाला लगेच पटेल. दिवसभर नळ थेंब थेंब गळतो. पाण्याची वेळ झाली की अर्ध्या तासात पिंप भरतं. ताऱ्याचं भरणपोषण असंच होत असावं. एरवीचा ओघ इतका क्षीण, की त्या हिशेबानं गुरूएवढं द्रव्य पोटात जायला लाखभर वर्षं लागतील. तबकडीत द्रव्य साचत जातं, मग कधीतरी ते लोटतं आणि ओघ दहा हजारपट होतो. तेव्हा तेवढंच द्रव्य दहा वर्षांत जातं. कोवळे तारे अपेक्षेपेक्षा इतके मंद का दिसतात, हे जुनं कोडं यानं बरंचसं सुटतं : आपण बघतो तेव्हा बहुतेकदा नळ नुसता गळत असतो. याचा ग्रहांशीही संबंध आहे. मृगातल्याच व्ही८८३ ओरायनिसच्या अशा उद्रेकात पाण्याच्या बर्फाची हद्द, म्हणजे जिथून पुढे पाणी गोठलेलंच राहतं ती रेषा, सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे चाळीसपट लांब ढकलली गेल्याचं चिलीतल्या आल्मा दुर्बिणीनं २०१६ मध्ये दाखवलं. सूर्यही तरुणपणी असाच भडकला असेल, तर आपल्या धूमकेतूंच्या बर्फानं वाफ होणं-गोठणं अनेकदा सोसलं असणार.

२००४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या केंटकीमधले हौशी निरीक्षक जे मॅक्नील यांनी तीन इंची दुर्बिणीनं मृगातल्या एम ७८ या तेजोमेघाचा फोटो काढला. त्यात एक धूसर पुंजका जास्तीचा होता, नकाशांत नसलेला. व्ही१६४७ ओरायनिस हा धुळीत दडलेला तारा भडकला होता आणि त्याच्या उजेडानं शेजारचा मेघ प्रकाशला होता. तीन इंची म्हणजे आपल्याकडे शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात असते तेवढी. जगभरच्या मोठ्या दुर्बिणी नंतर वळल्या. जुने फोटो शोधले तर १९६६ मध्येही हा असाच उजळलेला सापडला.

इथं आपल्या परिसराचा संबंध येतो. काकांच्या शेतापासून फार लांब नाही तो गिरवलीचा डोंगर. सुमारे हजार मीटर उंचीवर पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण तिथं २००६ पासून आहे. व्ही१६४७ दोन वर्षांत निवला आणि २००८ मध्ये पुन्हा भडकला, तेव्हा मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतले देवेंद्र ओझा, त्यांचे विद्यार्थी जो फिलिप निनान आणि सहकाऱ्यांनी त्याचा पाठपुरावा केला. साधनं दोन : गिरवलीची ही दुर्बीण आणि लडाखमधल्या हानले इथली, ४,५०० मीटर उंचीवरची, तेवढ्याच व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण, जी बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवतात. सप्टेंबर २००८ ते मार्च २०१३ या काळात १२४ रात्री तेज मोजलं गेलं. दोन मीटर म्हणजे आजच्या जगात मध्यम आकारही नव्हे. पण आठ-दहा मीटरच्या दुर्बिणीवर एका ताऱ्यासाठी १२४ रात्री कुणी देत नाही. माझ्या मते या विषयाची खरी मेख इथंच आहे. आकारानं जे मिळत नाही, ते पुन्हा पुन्हा बघण्यानं मिळतं.

दिवस आडवा येतो

पुन्हा पुन्हा बघण्यात एक अडचण आहे, आणि ती पैशानं सुटत नाही. एकाच गावातून बघणाऱ्याच्या आलेखात दररोज दिवसाएवढं भोक पडतं. एखादा तारा बरोबर एका दिवसात फिरत असेल, तर दर रात्री दहा वाजता त्याची तीच बाजू दिसेल आणि तो बदलतच नाही असं वाटेल. एका दिवसाहून थोडा कमी-जास्त काळ असेल, तर आठवड्यांची खोटी लय दिसेल. यावर उपाय म्हणजे दुसऱ्या रेखांशावरचा निरीक्षक. अमेरिकेत उजाडलेलं असताना आणि युरोपात अंधार पडायला अवकाश असताना मृग आपल्या डोक्यावर असतो. हानले, नैनीतालजवळचं देवस्थळ, गिरवली, आणि हो, ते उसाशेजारचं शेत, या सगळ्यांची किंमत त्यांच्या नकाशावरच्या जागेत आहे. हानलेमध्येच आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्था यांची ०.७ मीटरची स्वयंचलित ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण २०१८ पासून आहे. अचानक उजळणाऱ्या गोष्टींमागे धावणं हेच तिचं काम.

‘आता चिलीत रुबिन वेधशाळा सुरू झालीय, ती दर थोड्या रात्रींनी सगळं दक्षिण आकाश टिपणार, मग आमचं काय काम?’ हा प्रश्न काकांना मी विचारण्याआधी त्यांनीच मला विचारला, उत्तरासकट. रुबिनचा ८.४ मीटरचा आरसा इतका उजेड गोळा करतो, की सोळाव्या प्रतीच्या आसपासचे आणि त्याहून तेजस्वी तारे तिच्या कॅमेऱ्यात भाजून निघतात, मोजता येत नाहीत. जवळच्या गुच्छांतले कितीतरी तरुण तारे नेमके तेवढेच तेजस्वी आहेत. टेस ही अवकाश दुर्बीण तेजस्वी तारे बघते, पण तिच्या कॅमेऱ्याचा एकेक चौकोन इतका ढोबळ, की गुच्छातल्या गर्दीत दोन-चार शेजारी एकाच चौकोनात कोंबले जातात. मधली जागा आठ-दहा इंचांच्या दुर्बिणींसाठी मोकळी आहे.

ती भरायला इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठातून डर्क फ्रोब्रिख यांनी २०१४ मध्ये ‘हॉयज’ हा उपक्रम सुरू केला. जवळच्या ठरावीक तरुण गुच्छांचे फोटो हौशी मंडळींनी काढायचे आणि पाठवायचे. वेगवेगळे कॅमेरे, वेगवेगळे फिल्टर, वेगवेगळी हवा यांचा मेळ विद्यापीठ घालतं आणि प्रत्येक ताऱ्याचा आलेख पुढे सरकतो. अमेरिकेतली बदलत्या ताऱ्यांच्या निरीक्षकांची जुनी संघटना, एएव्हीएसओ, तिचाही तरुण ताऱ्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे.

पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईच्या खगोल मंडळाच्या वांगणीच्या रात्री गाजलेल्या आहेत, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत कोल्हापूर-नाशिक-नागपूरपासून पणजीपर्यंत चांगले कॅमेरे लावलेल्या दुर्बिणी घराघरांत आल्या आहेत. त्यांतून निघणारे फोटो सुंदर असतात. व्हॉट्सॲपवर फिरतात, कौतुक होतं. माझी तक्रार एवढीच, की त्यांतले बहुतेक फोटो एकदाच काढलेले असतात. मृगाचा तेजोमेघ झाला, आता पुढचा. तीच दुर्बीण, तोच कॅमेरा, फक्त एकच गुच्छ धरून हंगामभर दर निरभ्र रात्री अर्धा तास दिला, तर त्याचं मोजमाप होतं.

तेव्हा ज्यांच्याकडे दुर्बीण आहे त्यांना विनंती : यंदा एक गुच्छ दत्तक घ्या. सात नको, एकच. फिल्टर बदलू नका, आणि फोटोवर वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहा, कारण स्थानिक वेळ लिहिलेली निरीक्षणं पुढे डोकेदुखी होतात. टी-शर्टाचे फोटो विसरू नका. ज्या रात्री काहीच बदल दिसला नाही त्या रात्रीचाही फोटो पाठवा. एए टौरी २०११ मध्ये बदलला हे सांगता आलं, ते आधीची कैक वर्षं तो ठरल्याप्रमाणे वागल्याच्या नोंदी होत्या म्हणून. आयसी ३४८ डिसेंबर-जानेवारीत रात्रीच्या जेवणाच्या सुमारास आपल्या डोक्यावर असतो, एनजीसी २२६४ फेब्रुवारीत. ‘हॉयज’मध्ये भाग घ्यायला पदवी लागत नाही आणि शुल्कही नाही.